परसांतील मोटार-दुरुस्ती आणि वेल्डिंगची ठिणगी

आमच्या यवतमाळच्या घराच्या परसांत एक जुनी प्रीमियर पद्मिनी मोटार उभी असते. कुर्ल्याच्या कारखान्यांतून बाहेर पडलेली ही गाडी वडिलांनीं मोठ्या हौसेनें घेतली होती, आणि त्यांच्या पश्चात् ती विकून टाकावी असा शब्द घरांत कोणाच्याही तोंडून निघालेला नाहीं. परंतु माणसाचे गुडघे आणि मोटारीचा तळ यांना वय लपवितां येत नाहीं. मागल्या पावसाळ्यांत चालकाच्या पायांखालचा पत्रा गंजून तेथें हाताचा पंजा जाईल एवढें भोंक पडलें. आमचा पुतण्या अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षांत शिकतो. त्यानें चैत्रांतील एका रविवारीं जाहीर केलें, “काका, गाडी बाहेर न्यायला नको. मीच वेल्डिंग करतों.”

कल्पना मलाही आवडली, हें कबूल केलें पाहिजे. हल्लीं वेल्डिंगचें यंत्र ही कारखानदारांची मिरास राहिलेली नाहीं. खांद्याला अडकवून नेतां येईल असें लहानसें ‘इन्व्हर्टर’ यंत्र पांच-सात हजार रुपयांत मिळतें व घरच्या मोठ्या प्लगवर चालतें. पुतण्यानें न्हाणीघरांतून तार ओढली. वहिनी गच्चीवर कुरडया घालीत होत्या, त्या कठड्याशीं येऊन उभ्या राहिल्या. धाकटी पुतणी गोठ्याच्या पायरीवर बसली. मी पत्र्याचा तुकडा चिमट्यानें धरून होतों. पुतण्याच्या हातांत काळी कांच होती. पण तींतून रॉड कोठें टेकतो तें दिसेना, म्हणून पहिले पांच-सहा टांके त्यानें कांच बाजूला ठेवून, डोळे किलकिले करून घेतले. सायंकाळपर्यंत भोंक बुजलें. सर्वांनीं त्याचें कौतुक केलें आणि आईनें त्याच्या हातावर साखर ठेवली.

रात्रीं एकच्या सुमारास तो उठून बसला. “काका, डोळ्यांत कोणी तिखट घातल्यासारखें होतें आहे.” त्याला काय उत्तर देणार? माझीही तीच अवस्था होती. डोळ्यांत वाळू भरावी तसें खुपत होतें, पाणी खळत नव्हतें आणि दिवा लावतांच कळ मस्तकांत जात होती. थोड्याच वेळांत धाकटी रडत उठली. आईनें बटाट्याच्या चकत्या काढल्या, गुलाबपाणी शोधलें, आणि “मी सांगत होतें, त्या दिव्याकडे बघूं नका म्हणून,” हें वाक्य पहाटेपर्यंत अनेकदां ऐकविलें. सकाळीं डॉक्टरांनीं तिघांना एका रांगेंत बसलेले पाहून विचारलें, “काल घरीं वेल्डिंग केलें वाटतें?”

दुसऱ्या दिवशीं परस झाडतांना आणखी एक गोष्ट आढळली. गाडीपासून पंधरा-वीस पावलांवर आमची कोठीची खोली आहे. दादांच्या शेतांतला कापूस चांगला भाव येईपर्यंत तींत रचलेला असतो. रविवारीं तिचें दार उघडें होतें. कापसावर टाकलेल्या तरटाला रुपयाएवढें एक काळें, कडक कांठाचें भोंक पडलें होतें, आणि त्याखालच्या कापसावर तपकिरी डाग होता. ठिणगी तेथपर्यंत गेली, तरटांत धुमसली आणि कशी कोण जाणे, विझली. तें भोंक पाहून दादा कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं दार लावलें आणि किल्ली कमरेला खोंवली.

या दोन्ही प्रसंगांत एक साम्य आहे, आणि त्याकडे वाचकांचें लक्ष वेधण्यासाठींच हा लेख लिहिला आहे. विळीवर बोट कापलें तर रक्त तत्क्षणीं दिसतें. तव्याला हात लागला तर तो आपोआप मागें येतो. वेल्डिंगची इजा बहुधा अशी ताबडतोब सांगून येत नाहीं. काम सुखरूप पार पडलें असें समजून माणूस हातपाय धुतो, जेवतो, निजतो, आणि मग ती येते. डोळ्यांची इजा सहा ते बारा तासांनीं जाणवते. जस्ताच्या धुराचा ताप संध्याकाळीं चढतो. कापसांतली ठिणगी रात्रभर दडून बसते, आणि धुराची फुप्फुसांवरील बाधा तर वर्षानुवर्षें कळत नाहीं. शिवाय इजा करणाऱ्यालाच ती होते असेंही नाहीं. एकत्र कुटुंबाच्या घरांत काम एकजण करतो आणि दहाजण आजूबाजूला वावरत असतात.

शिकलेल्या घरांतील मुलांनीं हातांत हत्यार धरावें याचा मला आनंदच आहे. मात्र गॅरेजांत उस्तादाच्या हाताखालीं वाढलेल्या पोराला एक गोष्ट न शिकवितां येते: केव्हां मान फिरवावी, कोठें उभें राहूं नये, काम थांबल्यावर कशावर नजर ठेवावी. आमच्या पुतण्याला विद्युत्-प्रवाहाचीं समीकरणें पाठ होतीं. ही संवय नव्हती. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा असतो, तो कांहीं उगीच नव्हे. वर्षभराचें शिक्षण एका लेखांत येणार नाहीं, तरी घरांतल्या वडीलधाऱ्यांना काय विचारावें आणि काय अडवावें एवढें तरी कळावें.

प्रथम डोळ्यांसंबंधीं. रॉड व पत्रा यांमध्यें जी विजेची ज्योत पेटते तिची उष्णता पांच हजार अंशांहून अधिक असते, आणि तिच्या प्रकाशांत डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण भरपूर असतात. उन्हानें कातडी भाजते तशीच या किरणांनीं बुबुळावरची पारदर्शक त्वचा भाजते. फरक एवढाच कीं, उन्हाला जें करण्यास कित्येक तास लागतात तें ही ज्योत जवळून थोडक्या क्षणांत करते. उन्हाचा काळा चष्मा येथें निरुपयोगी आहे. रॉडच्या साध्या कामाला १० किंवा ११ क्रमांकाची वेल्डिंगची कांच लागते. गॅसच्या ज्योतीला त्याहून फिकी, ५ क्रमांकाच्या आसपासची, चालते. हातांत धरावयाच्या कांचेपेक्षां डोक्यावर बसणारें शिरस्त्राण बरें, कारण दोन्ही हात मोकळे राहतात. ज्योत पेटतांच आपोआप काळी होणारी कांच मिळते, तिनें तर ‘पहिला टांका दिसत नाहीं’ ही सबबच नाहींशी होते. असें शिरस्त्राण घ्यावयाचें तें भरंवशाचें घ्यावें आणि दरवेळीं तें चालतें कीं नाहीं हें आधीं पाहावें.

परंतु वेल्डिंग करणाऱ्याला कांच दिली म्हणजे भागलें नाहीं. प्रकाश चकचकीत पत्र्यावरून आणि फिकट भिंतीवरून उलटून येतो; पाठमोऱ्या माणसाच्या डोळ्यांतही तो जाऊं शकतो. लहान मुलांना तर त्या निळसर प्रकाशाचें विलक्षण आकर्षण असतें. म्हणून गाडीच्या उघड्या बाजूंना पत्र्याचा आडोसा करावा, आणि काम चालू असतां मुलांना परसांत येऊंच देऊं नये; ‘बघूं नको’ असें सांगून तेथें उभें करण्यांत अर्थ नाहीं. कॉलर लावलेला, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा घालावा. नाहीं तर डोळ्यांप्रमाणें गळाही रात्रीं भाजल्यासारखा लाल होतो.

एवढें करूनही डोळे आलेच तर ते चोळूं नयेत. अंधाऱ्या खोलींत स्वस्थ पडावें, मिटल्या पापण्यांवर थंड पाण्याची स्वच्छ घडी ठेवावी आणि डॉक्टरांना दाखवावें. बहुधा एक-दोन दिवसांत आराम पडतो. डोळा बधिर करणारे थेंब कोणी दिलेच तर ते घरीं पुनःपुन्हा घालूं नयेत. त्यांनीं वेदना थांबते, पण जखम भरण्यास उशीर लागतो. नजर अंधुक झाली, एकाच डोळ्यांत खुपूं लागलें, किंवा ग्राइंडरचा कण उडाल्याचा संशय असेल, तर नेत्रवैद्याकडे जाण्यास विलंब नको. आईच्या बटाट्यानें अपाय झाला नाहीं. पण तो औषध होता असें मी आतां तिच्यासमोरही म्हणत नाहीं.

आतां आगीविषयीं. आमच्या जिल्ह्यांत हा विषय इतर ठिकाणांहून निराळा आहे. यवतमाळ हा कापसाचा मुलूख. शेत असलेल्या कित्येक घरांत भावाची वाट पाहणारा कापूस खोलींत, ओसरींत, कधीं तर निजण्याच्या खोलींतही रचलेला असतो. परसांत पऱ्हाटीचा ढीग, तुराट्या, कडब्याची गंजी, गोवऱ्या. चैत्र-वैशाखांत पारा ४३-४४ अंशांवर जातो, आणि या सर्वांतला ओलावा पार निघून गेलेला असतो. वेल्डिंगच्या व विशेषतः कापणीच्या ठिणग्या पस्तीस फुटांपर्यंत जाऊं शकतात असें धरून चालण्याचा जगभर दंडक आहे. घासणीच्या चाकाच्या ठिणग्यांनाही हेंच अंतर धरावें. आमचे पंधरा-वीस पावलांचें अंतर आम्हांला फार वाटलें होतें. मोजून पाहिलें तर तें या टप्प्यांतच होतें.

कापसाच्या आगीचा स्वभाव कपटी असतो. तिला ज्वाळा नसते. ती आंतल्या आंत, थोड्याशा हवेवर, तासन् तास धुमसते. वरून पाणी ओतलें तर तें बाहेरच्या थरावरून निथळतें आणि आंतला निखारा कोरडाच राहतो. १४ एप्रिल १९४४ रोजीं मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर काय झालें तें जुन्या मंडळींना ऐकून माहीत असेल. त्या जहाजांत कापसाच्या गांठी आणि दारूगोळा एकत्र भरलेला होता. दुपारीं कापसांतून धूर निघूं लागला. बंबवाल्यांनीं जहाजांत पाणी सोडलें, परंतु मूळ आग हातीं लागली नाहीं, आणि चार वाजून गेल्यावर झालेल्या स्फोटानें गोदी उद्ध्वस्त होऊन शेंकडों माणसें प्राणांस मुकलीं. ती आग वेल्डिंगची नव्हती. पण पेटलेल्या कापसाशीं पाण्याचे फवारेही कसे हरतात याचें याहून भयंकर उदाहरण आपल्याकडे नाहीं.

ठिणगीचें उदाहरण हवें असेल तर तें न्यूयॉर्कचें आहे. ‘नॉर्मंडी’ हें फ्रान्सचें प्रचंड व देखणें प्रवासी जहाज महायुद्धांत अमेरिकेनें ताब्यांत घेतलें आणि त्याचें सैनिकवाहू जहाजांत रूपांतर चालविलें. ९ फेब्रुवारी १९४२ रोजीं त्याच्या भव्य दिवाणखान्यांतले लोखंडी खांब ज्योतीनें कापण्याचें काम चालू होतें. जवळच सांवरीच्या कापसानें भरलेलीं जीवरक्षक जाकिटें ढिगानें ठेवलेलीं होतीं. ठिणगी त्यांवर उडाली. आग भडकली, ती विझविण्यासाठीं एवढें पाणी ओतलें गेलें कीं, त्या वजनानें जहाज कलंडलें आणि दुसऱ्या दिवशीं पहाटे धक्क्यालाच आडवें झालें. बुडण्यापासून वांचविणारीं जाकिटेंच जहाज बुडण्यास कारण झालीं! आपल्याकडे २१ जानेवारी २०२१ रोजीं पुण्याजवळ मांजरी येथें सीरम इन्स्टिट्यूटच्या आवारांत, काम चालू असलेल्या एका इमारतीला आग लागून पांचजण दगावले. तीही वेल्डिंगच्या ठिणगीनें लागली असावी असा प्राथमिक अंदाज त्या वेळीं सांगण्यांत आला होता. जेथें कारखानदारी शिस्त असते तेथें जें घडतें तें परसांत घडणार नाहीं असें कोणी समजूं नये.

तेव्हां गाडी ढिगांपासून दूर न्यावी. ढीग हलवितां येत नसतील तर गाडी तरी हलते. कोठीचें दार लावावें, फटींत ओलें तरट कोंबावें. सभोंवार सडा घालावा, परंतु तो दूरच्या वर्तुळांत. वेल्डिंग करणाऱ्याच्या पायाखालची जमीन मात्र कोरडीच हवी, आणि तिच्यावर कोरडी फळी किंवा रबराची चटई हवी. ही विसंगति नाहीं. एक व्यवस्था ठिणगीसाठीं आहे आणि दुसरी विजेसाठीं. जवळ वाळूच्या दोन बादल्या, पाण्याची एक, आणि भुकटीचें अग्निशामक नळकांडें असावें. पेट्रोलच्या आगीवर किंवा चालू विजेवर पाणी मारूं नये, हें घरांतल्या प्रत्येकाला आधींच सांगून ठेवावें. कपडे सुतीच हवेत. नायलॉन व पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतें. तुरमानीला दुमड घालूं नये, तींत ठिणगी अलगद जाऊन बसते. पायांत चपला तर नकोतच.

मोटारीचें वेल्डिंग इतर लोखंडाच्या वेल्डिंगपेक्षां धोक्याचें कां, हें आतां पाहूं. दाराची कडी जोडतांना समोर केवळ लोखंड असतें. मोटार म्हणजे पेट्रोल, तेल, रबर, काथ्या, फोम, डांबर आणि वीज यांचा पत्र्यानें झांकलेला संसार आहे. पातळ पत्र्याच्या एका बाजूला आपण टांका घेतों आणि दुसऱ्या बाजूला गालिचा धुमसूं लागतो. करणाऱ्याला तो दिसतही नाहीं. म्हणून त्या भागांतल्या बैठका, गालिचे, आवाज दाबणारा नमदा हें सर्व काढून बाहेर ठेवावें, तळाचा डांबरी लेप खरवडावा, आणि एका जाणत्या माणसाला पत्र्याच्या पलीकडल्या बाजूस केवळ पाहण्यासाठीं बसवावें. आमच्या घरीं त्या रविवारीं पाहणारे चौघे होते, पण सर्वजण एकाच बाजूला!

पेट्रोलची टांकी घरीं वेल्ड करावयाची नाहीं. रिकामी असली तरी नाहीं, धुतलेली असली तरी नाहीं, ‘सहा महिने कोरडी पडली आहे’ असें कोणी छातीवर हात ठेवून सांगितलें तरी नाहीं. भरलेल्या टांकीपेक्षां रिकामी अधिक घातक असते, कारण पेट तरल पेट्रोल घेत नसून त्याची वाफ व हवा यांचें मिश्रण घेतें, आणि रिकाम्या टांकींत तेंच असतें. हवेंत शंभरांत दीड भागाच्या आसपास वाफ असली तरी तें पुरतें. गंजाच्या खपल्यांत आणि सांध्यांत मुरलेलें पेट्रोल उष्णता लागतांच पुन्हा वाफ सोडतें. टांकी निर्धोक करण्याच्या रीति आहेत, परंतु त्या त्या कामाची साधनें असणाऱ्यांच्या आहेत. दुसरें असें कीं ही वाफ हवेपेक्षां जड असते. ती जमिनीवरून सरपटत जाते, खड्ड्यांत साठते, आणि परसांत सांडलेल्या पेट्रोलची वाफ देवघरांतल्या समईपर्यंत जाऊं शकते. बहुतेक गाड्यांत पेट्रोलची व ब्रेकच्या तेलाची नळी तळाखालूनच गेलेली असते. टांका घेण्यापूर्वीं ती कोठून जाते तें बोटानें दाखवितां आलें पाहिजे. गॅसवर चालणाऱ्या गाडीला तर घरीं ज्योत लावूंच नये.

बॅटरीची ऋण तार प्रथम सोडावी, शक्य तर बॅटरीच काढून दूर ठेवावी, कारण ती चार्ज होतांना हायड्रोजन वायु सोडते. नव्या गाड्यांत विजेचीं नाजूक यंत्रें असतात. यंत्राचा अर्थिंगचा चिमटा टांक्याच्या अगदीं जवळ, घासून स्वच्छ केलेल्या पत्र्यावर लावावा, म्हणजे प्रवाह भलत्या मार्गानें जाणार नाहीं. स्फोटक पुड्यांवर फुगणाऱ्या सुरक्षा-पिशव्या असलेल्या भागांजवळ घरगुती हातानें काम करूंच नये. मागील झांकण उचलून धरणाऱ्या वायुदाबाच्या दांड्या, झटके शोषणारीं नळकांडीं, दोन्ही टोंकें बंद असलेल्या पोकळ नळ्या या तापल्या कीं आंतली कोंडलेली हवा किंवा तेल त्यांना फोडतें. वातानुकूलनाचा वायु ज्योतींत सांपडला तर अत्यंत दाहक विष होतो. गाडी उचलली असेल तर जॅकवर विसंबून तिच्याखालीं डोकें घालूं नये. विटांवर तर मुळींच नाहीं, वीट तडकते. लोखंडी घोडेच लावावे.

आणखी एक गोष्ट पुतण्यालाही माहीत नव्हती. अलीकडच्या गाड्यांचे छताचे खांब व तळाच्या कडा विशेष बळकट पोलादाच्या असतात. त्या पोलादाचें बळ उष्णतेनें जातें. टांका दिसावयास सुरेख दिसतो, आणि अपघाताच्या वेळीं तोच भाग दुमडतो. सांगाडा, खांब, पुढच्या चाकांचे आधार, सुकाणूचे भाग आणि सीटबेल्टच्या खिळणी हीं कामें ज्याला त्यांची विद्या आहे त्यानेंच करावींत. घरीं करावयाचें तें तळाचें भोंक, चिखल-पाट्याचा कोपरा, सायलेन्सरचा सुटलेला पट्टा, एवढेंच. पातळ पत्र्याला जाड रॉड लावल्यास भोंक बुजण्याऐवजीं वाढतें, हा अनुभव आम्हांस पहिल्याच तासांत आला. अशा कामाला बारीक तारेचें यंत्र बरें.

धुराविषयीं थोडें लिहितों, पण तें महत्त्वाचें आहे. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वेल्ड केला तर पांढरट धूर निघतो. तो पोटांत गेला कीं चार ते दहा तासांनीं थंडी वाजून ताप चढतो, अंग मोडून येतें, तोंडाला धातूची चव येते. पावसाळ्यांत लोक त्याला हिंवताप समजतात. एक-दोन दिवसांत तो उतरतो खरा, परंतु तो धूर घेतल्याची पावती असते. मुलामा व रंग टांक्याच्या आसपास आधीं घासून काढावा. ब्रेक किंवा पत्रा स्वच्छ करण्याच्या कांहीं फवाऱ्यांत क्लोरीनयुक्त द्रव असतें. त्याचा ओलावा राहिलेल्या जागीं ज्योत लावली तर फॉस्जीन हा महायुद्धांत कुप्रसिद्ध झालेला वायु तयार होऊं शकतो, आणि त्याचा दम कधीं कधीं दुसऱ्या दिवशीं लागतो. असा दम लागला तर घरीं वाफारे घेत बसूं नये, थेट रुग्णालय गांठावें. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २०१७ सालीं वेल्डिंगचा धूर मनुष्याला कर्करोगकारक ठरविला आहे. ‘दूध प्यावें, गूळ खावा, म्हणजे धूर बाधत नाहीं’ अशी समजूत कारागिरांत फार आहे. दूध-गूळ जरूर घ्यावा. तो फुप्फुसांत जात नाहीं एवढें ध्यानांत ठेवावें. काम उघड्यावर, वाऱ्याला कुशी देऊन करावें, डोकें धुराच्या झोतांत धरूं नये आणि तोंडाला रुमालाऐवजीं बारीक कण अडविणारा घट्ट मुखपट्टा लावावा.

विजेसंबंधीं आमच्या उन्हाळ्याचा विचार करावा लागतो. रॉड व पत्रा यांमध्यें काम थांबलेलें असतां साधारण साठ ते ऐंशी व्होल्टचा दाब असतो. कोरड्या हातमोज्याला तो जाणवत नाहीं. वैशाखांत घामानें भिजलेल्या माणसाला तो प्राणघातक होऊं शकतो. मोजे चामड्याचे व कोरडे हवेत; भिजले कीं बदलावे. रॉड काखेंत धरून दुसरें काम करूं नये, हें सांगण्याची वेळ यावी याचें नवल वाटेल, पण ही लकब मीं चांगल्या कारागिरांतही पाहिली आहे. घराच्या अर्थिंगचा खड्डा मीठ-कोळसा घालून केलेला असतो; उन्हाळ्यांत माती सुकून तडे गेले कीं तें अर्थिंग नांवापुरतें उरतें. त्यांत पाणी घालीत जावें. गळती होतांच प्रवाह तोडणारें उपकरण घरच्या पाटीवर बसविलेलें असावें. काम सकाळीं लवकर उरकावें. दुपारच्या उन्हांत शिरस्त्राण घालून उष्माघाताला आमंत्रण देऊं नये. घरांत कोणाच्या हृदयाला पेसमेकर बसविलेला असेल तर त्यांनीं चालू यंत्राजवळ फिरकूं नये. आमच्या मोठ्या आत्यांना तो आहे, आणि त्या रविवारीं त्या नेमक्या लेकीकडे वर्ध्यास गेल्या होत्या.

गॅसच्या वेल्डिंगची हौस मात्र घरीं करूंच नये असें माझें स्पष्ट मत आहे. स्वयंपाकाचें १४.२ किलोचें नळकांडें प्राणवायूला जोडून पत्रा कापणारे महाभाग आढळतात. तें बेकायदेशीरही आहे आणि ज्योत उलटून नळींत शिरली तर तें घर उडवील. प्राणवायूच्या काळ्या नळकांड्याच्या तोटीला तेलाचा हात लागला तरी भडका होऊं शकतो. उकाडा होतो म्हणून तो वायु अंगावर सोडून घेणें म्हणजे कपड्यांनाच दारूगोळा करणें होय. पुढची ठिणगी तो पेटविते.

भाजलेंच तर भाजलेली जागा तत्काळ वाहत्या साध्या पाण्याखालीं वीस मिनिटें धरावी, अंगठ्या व बांगड्या सूज येण्यापूर्वीं काढाव्या, आणि तूप, शाई, हळद, दंतमंजन यांपैकीं कांहींही लावूं नये. चिकटलेला कपडा ओढून काढूं नये. रुग्णवाहिकेसाठीं १०८, आगीसाठीं १०१, हे आंकडे आम्हीं आतां परसाच्या दारामागें खडूनें लिहिले आहेत.

पद्मिनीचा तो टांका पुतण्यानें ज्येष्ठांत पुन्हा उकलून नीट घेतला, कारण पहिला पावसाच्या पहिल्या सरींत गळूं लागला. या वेळीं गाडी फाटकाजवळ उघड्यावर होती, कोठीला कुलूप होतें, बैठका ओसरीवर होत्या आणि मुलें माडीवर. काम साडेनऊला संपलें. यंत्र बंद झाल्यावर मात्र एक नवाच नियम लागू झाला आहे: शेवटच्या टांक्यानंतर निदान एक तास कोणीतरी तेथें बसून राहावयाचें. हें काम कोणी करावें यावर घरांत बराच खल झाला. तरुणांना तासभर नुसतें बसवत नाहीं. शेवटीं आईनेंच तें मागून घेतलें. ती जपमाळ घेऊन कडुनिंबाखालच्या खुर्चीवर बसते, आणि एक माळ पुरी झाली कीं हांक मारते, “अरे, गालिच्याखालीं हात लावून बघ रे. कोमट लागतें का?” पुतण्या उठतो, वाकून पाहतो, ग्राइंडर ठेवलेल्या जागेभोंवतीं एक फेरी घालतो, पऱ्हाटीच्या ढिगाशीं नाक नेऊन वास घेतो आणि सांगतो, “नाहीं, आजी.” मग दुसरी माळ सुरू होते.